जुन्या मोटारसायकलीचे पत्रे

जावा नांवाची मोटारसायकल पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. हिचा मूळ कारखाना १९२९ सालीं प्राग येथें निघाला. १९६१ पासून ती म्हैसुरासही होऊं लागली. पुढें तिला येझदी हें नांव मिळालें, व १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. जावा हें नांव २०१८ सालीं पुन्हां बाजारांत आलें खरें. परंतु नव्या गाडीचे पत्रे जुनीस बसत नाहींत.

अशा गाडीचें बेअरिंग मिळतें. पण पेट्रोलची टाकी, मडगार्ड किंवा साखळीचें आवरण मिळतां मिळत नाहीं. असें कां व्हावें? बेअरिंग इतर यंत्रांसही लागतें, म्हणून तें तयार होतच राहतें. पत्र्याचा भाग मात्र त्या एकाच गाडीसाठीं केलेल्या साच्यांत दाबून घडवितात. आणि थोड्या नगांसाठीं नवा साचा करणें कोणासही परवडत नाहीं.

तेव्हां वाटा तीनच. जुन्या दुकानांत पडून राहिलेला कोरा माल उत्तम, पण दुर्मिळ. मुंबईच्या चोरबाजारासारख्या ठिकाणचा वापरलेला माल मूळचा असला, तरी बहुधा गंजलेला. नवी नक्कल दिसण्यांत सुरेख. परंतु तिचीं भोकें जुळतीलच असें नाहीं.

म्हणून जातांना आपल्या गाडीवरील भोकांचा कागदी नमुना व एक लोहचुंबक बरोबर न्यावें. रंगाखालीं जाड पुट्टी भरलेली असेल, तेथें चुंबकाची पकड ढिली पडते. टाकी आंतून विजेरीनेंच पाहावी. रिकाम्या टाकींतही पेट्रोलची वाफ असते, तेव्हां काडी ओढणें जिवावर बेतेल. भाग गाडीवर बसवून पाहिल्यावरच रंग व क्रोम करावें. मागाहून ठोकल्यास मुलामा तडकतो. पावती अवश्य मागावी. चोरीच्या गाड्याही सुट्या करून विकल्या जातात.

आणखी एक गोष्ट आम्हांस आग्रहानें सांगावीशी वाटते. एका टाकीच्या लोभानें चालती गाडी मोडूं नये. तशानें एक सजते व दुसरी कायमची जाते. आणि घरचा मूळ पत्रा वांकला म्हणून भंगारांत देऊं नये. कुशल कारागीर तो ठोकून सरळ करतो, फाटला तर जोडतो. त्याचीं भोकें मुळांतच जुळलेलीं असतात. बाजाराची वाट धरण्यापूर्वीं आपल्या घराचा माळा पाहावा, हें बरें.