थंड हवेची ठिकाणे आणि घरातील धाकटे मूल

एप्रिल उजाडला की माझ्या दवाखान्यातील प्रश्नांचे स्वरूप पालटते. लसीकरणाचे कार्ड पर्समध्ये परत ठेवता ठेवता बाळाची आई विचारते, "डॉक्टर, सुट्टीत लेहला जायचं चाललंय. याला न्यायला हरकत नाही ना?" इंदूरचा मे महिना ज्यांनी सोसला आहे, त्यांना या प्रश्नामागची निकड समजावून सांगायला नको. मात्र बहुतेक वेळा तिकिटे काढून झालेली असतात, हॉटेलांना आगाऊ रक्कम गेलेली असते, आणि मला विचारले जाते ते सल्ल्यासाठी नव्हे तर अनुमोदनासाठी. अशा वेळी मी उलट प्रश्न विचारतो: घरातले सर्वांत धाकटे मूल किती वर्षांचे आहे, आणि पहिल्या रात्री ते किती उंचीवर झोपणार आहे? बर्फ किती मिळेल, हॉटेलच्या खिडकीतून शिखर दिसेल का, याचा तपशील लोकांना तोंडपाठ असतो. झोपण्याच्या उंचीचा विचार मात्र क्वचितच कोणी केलेला असतो. मीही केला नव्हता. बालरोगतज्ज्ञ म्हणून वीस वर्षे झाली असतानाही केला नव्हता, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख.

२००९ च्या जून महिन्यात आम्ही लडाखला गेलो. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी चार वर्षांची, शिवाय पत्नी व माझी आई. दिल्लीहून सकाळचे विमान तासाभरात लेहला उतरले. म्हणजे इंदूरच्या साडेपाचशे मीटरवर राहणारे, आदली रात्र दिल्लीत काढलेले आमचे कुटुंब न्याहारीच्या वेळेला ३५०० मीटर उंचीवर, हॉटेलच्या अंगणात घरून आणलेली शेव खात बसले होते. धाकटीला निघण्यापूर्वी दोन दिवस सर्दी होती. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिला दिवस विश्रांतीचा होता, पण संध्याकाळी आम्ही बाजारात फिरून आलोच. त्या रात्री धाकटी जेवली नाही, सारखी कुरकुरत राहिली, धड झोपली नाही. सकाळी मी तिला पॅरासिटामॉल दिले आणि सर्दीवर, प्रवासाच्या शिणावर, परक्या जागेवर खापर फोडले. शे आणि ठिकसे येथील मठ पाहून झाले. ती पूर्ण वेळ आजीच्या कडेवर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खारदुंगला या खिंडीकडे निघालो. ही खिंड ५३५९ मीटर उंच आहे. तिथल्या पाटीवर त्या काळी १८,३८० फूट असा आकडा झळकत असे. तो प्रत्यक्षापेक्षा बराच फुगवलेला होता हे मला नंतर समजले. पण खरे सांगायचे तर त्या फुगवलेल्या आकड्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढण्याची हौस मुलांपेक्षा मलाच अधिक होती.

साउथ पुल्लूच्या तपासणी नाक्याशी गाडी थांबली. पर्वतांचे निरनिराळे रंग मी थोरल्याला दाखवीत होतो. मागच्या आसनावरून आई म्हणाली, "अरे, ही पोर परवापासून एकदाही खेळलेली नाही. तू हिच्याकडे बघतोयस की डोंगराकडे?"

मी वळून पाहिले आणि मग जे पहिल्याच रात्री करायला हवे होते ते केले. घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला छप्पन्न. कोरडा खोकला सुरू झाला होता, ओठांवर निळसर छटा होती. माझ्या बाह्यरुग्ण विभागात एखाद्या चार वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीसच्या पुढे गेले असते तर मी त्याच्या पालकांना घरी जाऊ दिले नसते. गाडी तिथूनच वळवली. लेहच्या रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला तेव्हा आकडा ६८ होता. क्ष-किरण चित्रात उजव्या फुप्फुसात ढगांसारखे ठिपके होते. निदानाला दुसरा विचार लागत नव्हता: अतिउंचीमुळे फुप्फुसात पाणी झिरपले होते. ऑक्सिजन सुरू करताच तासाभरात आकडा नव्वदीच्या वर गेला. ती रात्र आम्ही नळीतून येणाऱ्या त्या वायूचा आवाज ऐकत काढली आणि दुसऱ्या सकाळच्या विमानाने खाली आलो. विमानाच्या आतील हवेचा दाब लेहमधील हवेपेक्षा अधिक असतो. त्यामुळे धाकटीला बरे वाटू लागले ते आकाशात गेल्यावरच! संध्याकाळी दिल्लीच्या हॉटेलात ती पलंगावर उड्या मारत होती. खेळत होती.

हा आजार आपल्या देशाला नवा नाही. १९६२ च्या युद्धात मैदानी प्रदेशातील जवानांना घाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले आणि कित्येक जण शत्रूची गोळी न लागताच आजारी पडले. डॉ. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ जवानांवरील निरीक्षणे १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केली. विद्यार्थिदशेत मी ती वाचली होती. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही, आणि प्रत्यक्षात आला तेव्हा मी पर्यटक झालो होतो.

उंचीवर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण कमी होत नाही. ते एकवीस टक्केच राहते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात, आणि साधारणपणे २५०० मीटरच्या वर ही सवड द्यावीच लागते. एवढ्या उंचीच्या पुढे रोज रात्रीच्या मुक्कामाची चढण ५०० मीटरपेक्षा अधिक नसावी आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच वाढवावा, असा संकेत आहे. विमानाने लेह गाठणारा प्रवासी तो पहिल्याच तासात मोडतो. मोठ्यांना डोके दुखते, मळमळते आणि ते तसे सांगतात. लहान मूल सांगत नाही. ते चिडचिडते, जेवत नाही, झोपत नाही, खेळत नाही. आणि प्रवासातील मूल हे सर्व एरवीही करीतच असते. म्हणून माझा नियम असा की, उंचीवर मूल बिनसले तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत उंचीच कारणीभूत मानावी. लक्षणे असताना वर चढू नये; वाढत असतील तर खाली उतरावे, मग रात्र असो की दिवस. नुकतीच झालेली सर्दी हीसुद्धा किरकोळ बाब नव्हे. श्वसनमार्गाच्या विषाणुसंसर्गानंतर मुलांच्या फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो.

तर मग जावे कुठे? धाकटे मूल दोन वर्षांखालील असेल तर माझे उत्तर ठरलेले आहे: पचमढी. १०६७ मीटर उंचीवर श्वासाचा प्रश्नच उद्भवत नाही. पिपरियापर्यंत रेल्वे आहे, पुढचा घाटरस्ता जेमतेम पन्नास किलोमीटरचा आहे, आणि संध्याकाळी धूपगडावर, म्हणजे सातपुड्याच्या माथ्यावर, गार वारा लागतो. लोक नाक मुरडतात. "पचमढी काय, ती तर घरचीच!" घरची आहे हाच तर तिचा मोठा गुण. माउंट अबू आणि महाबळेश्वर हेही याच पंक्तीतले. माथेरान जेमतेम ८०० मीटरवर आहे, पण गावात मोटारींना बंदी असल्याने तीन वर्षांच्या मुलाचा हात सोडून चालता येते, आणि हे सुख हिमालयात कुठेही मिळत नाही.

मसुरी, नैनिताल, शिमला, दार्जिलिंग, उटी ही ठिकाणे दोन हजार मीटरच्या आसपास. निरोगी मुलाला येथे उंचीचा त्रास सहसा होत नाही. त्रास होतो तो रस्त्याचा. गाडी लागण्याची प्रवृत्ती दोन ते बारा या वयात सर्वाधिक असते. अशा मुलाला रिकाम्या पोटी नेऊ नये तसेच तुडुंब पोटीही नेऊ नये, हाती मोबाइल देऊ नये, आणि बाहेर दूरवर पाहता येईल असे बसवावे. वांतीवरचे प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलाला कदापि देऊ नये, कारण त्याने श्वास मंदावू शकतो. कालका-शिमला मार्गावर १९०३ पासून धावणारी छोटी गाडी ९६ किलोमीटरला पाच-सहा तास घेते म्हणून पुष्कळ जण मोटार करतात. ज्या घरात एक तरी उलटी करणारे मूल आहे, त्या घराने गाडीच निवडावी.

खरा घोटाळा होतो तो मधल्या ठिकाणांत. मनाली २०५० मीटरवर आहे, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तिथून रोहतांगची खिंड ३९७८ मीटरवर, आणि २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहूलमध्ये ३१०० मीटरवर पोहोचणे हे तासा-दोन तासांचे काम झाले आहे. दिवसा वर जाऊन रात्री मनालीत झोपावे, एवढे पथ्य पाळले तर शाळकरी मुलांना ही सहल सोसते. मोहाने वरच मुक्काम केला तर बिघडते. गंगटोकहून नथुलाचेही तेच. आणि आमच्याकडे अलीकडे वाढलेला प्रकार म्हणजे केदारनाथचे हेलिकॉप्टर. गुप्तकाशीची उंची सुमारे १३०० मीटर, केदारनाथची ३५८० च्या पुढे. पायी जाणाऱ्याला डोंगर जी सवड सक्तीने देतो, ती यंत्र काही मिनिटांत काढून घेते. अमरनाथ यात्रेत तेरा वर्षांखालील मुलांची नोंदणीच होत नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांना माझा नमस्कार.

काही मुलांना उंचीवर नेण्यापूर्वी थांबून विचार करायला हवा. जन्मजात हृदयदोष, डाऊन सिंड्रोम, अपुऱ्या दिवसांचे व त्यामुळे फुप्फुसे दुबळी राहिलेले बाळ. आणि निमाड-झाबुआ पट्ट्यात काम करणाऱ्या सहकाऱ्यांना निराळे सांगायला नको ते सिकलसेल. केवळ वाहक असलेल्या, एरवी ठणठणीत मुलालाही उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून पोटात असह्य कळा येऊ शकतात. असेटाझोलामाइड मुलांनाही देता येते (प्रतिकिलो २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एका वेळी १२५ च्या पुढे नाही, सल्फाची अॅलर्जी विचारूनच), पण गोळी हा घाईचा परवाना नव्हे. ऑक्सिजनचे जे हलके डबे विकले जातात ते काही मिनिटे पुरतात. खाली उतरेपर्यंत त्यांवर विसंबता येत नाही. उलट भीती वाटते ती कापराच्या पुरचुंडीची. कापूर हुंगल्याने रक्तातील ऑक्सिजन वाढत नाही, आणि रांगते मूल ती वडी तोंडात घालते तेव्हा त्याला झटके येतात. मुलाच्या गळ्यात बांधलेली अशी पुरचुंडी मी स्वतः सोडून फेकली आहे.

परतल्यावर धाकटीचा इको करून घेतला. उंचीवर असा त्रास झालेल्या मुलात हृदयाचा किंवा फुप्फुसाच्या रोहिणीचा एखादा दडलेला दोष शोधणे आवश्यक असते. तसे काही निघाले नाही. पुढची काही वर्षे आमच्या सुट्ट्या पचमढी, कौसानी, मुन्नार अशा झाल्या, आणि मुलांनी कधी तक्रार केली नाही. लेहची तक्रार माझीच होती.

२०२३ च्या जूनमध्ये धाकटी अठरा वर्षांची असताना तिनेच पुन्हा लडाखचा विषय काढला. या वेळी विमानाने गेलो ते श्रीनगरपर्यंतच. तिथे १५८५ मीटरवर दोन रात्री, सोनमर्गला दोन, कारगिलला दोन, मग लेह. खिशात ऑक्सिमीटर होता आणि मी तो तिच्या बोटाला इतक्यांदा लावला की ती वैतागली. लेहला चार दिवस नुसते बसून काढल्यावर आम्ही खारदुंगलाच्या वाटेला लागलो.

साउथ पुल्लूला चहासाठी उतरलो. आई आता नाही. धाकटीला त्या दिवसाचे काहीच आठवत नव्हते. तिने फक्त विचारले की आजीने गाडी वळवायला लावली ती नेमकी कुठे. मी रस्त्याकडेची अंदाजाने एक जागा दाखवली. तिने तिचे छायाचित्र काढले. पत्र्याची एक टपरी, दोन पिंपे आणि चिखल. डोंगर त्यात आलाच नाही.