परिघीय धमनीविकार आणि रक्तातील दाहसूचके

चालताना पोटरी दुखते, थांबल्यावर दुखणे राहते; पालघरजवळच्या माहीमसारख्या गावात ते सहज वयाच्या नावे जमा होते. वस्तुतः पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे हे लक्षण असू शकते. धमनीकाठिण्य ही केवळ चरबी साचण्याची नव्हे, तर दाहाचीही प्रक्रिया होय. दाहात यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन अधिक निर्माण करते. अमेरिकेतील डॉक्टरांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुढे हा विकार जडलेल्यांत त्याचा मध्यक आधीपासूनच लिटरमागे १.३४ मिलिग्रॅम, इतरांत ०.९९ होता. मात्र पावसाळी तापाने वा चिघळलेल्या जखमेनेही हे प्रथिन कित्येक पटींनी वाढते; केवळ त्यावरून निदान करणे धोक्याचे. घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे ०.९० वा त्याहून कमी गुणोत्तर हा अधिक भरवशाचा, आणि स्वस्तही, पुरावा. मधुमेहींत धमनीभित्ती कठीण झाल्यास तोही आकडा फसवा वाढतो. तेव्हा पायाच्या अंगठ्यातील दाब मोजावा लागतो.