घरातील गॅस आणि त्याची गळती

मुंबईला गॅस नवा नाही. १८६५ साली या शहराच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम लागले. दगडी कोळशापासून तो गॅस तयार करणाऱ्या कंपनीची आठवण लालबागेतील गॅस कंपनी लेनने अद्याप राखली आहे. १९५५ च्या सुमारास सिलिंडर आले, आणि अलीकडे पुष्कळ घरांत नळाचा गॅसही आला. गळती दोन्हींची होते. परंतु दोहोंचे वागणे सारखे नव्हे. हा भेद प्रत्येक घराला ठाऊक असावा, म्हणून आम्ही त्याचा येथे विचार करीत आहोत.

सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन हे वायू असतात. ते हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. सुटलेला गॅस पाण्यासारखा खाली उतरतो. पलंगाखाली, ओट्याखाली, मोरीत साचतो. नळाचा गॅस म्हणजे बव्हंशी मिथेन. तो हवेहून हलका, म्हणून वर चढून पोटमाळ्यावर कोंडतो. पहिल्याला वाट द्यावयाची ती दारातून, दुसऱ्याला खिडकीच्या वरच्या झडपांतून. मूळचे हे वायू वासहीन आहेत. आपल्याला येणारा उग्र दर्प मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो.

किती गॅस घातक? चाळीतील दहा फूट बाय बारा फुटांची खोली घेऊ; उंची दहा फूट. म्हणजे १२०० घनफूट हवा. तीत सिलिंडरचा गॅस शंभरात सुमारे दोन भाग झाला की ठिणगी पुरते. हा गॅस भरतो २४ घनफूट, वजनाने अवघा दीड किलो. भरल्या सिलिंडरात तो १४.२ किलो असतो! शिवाय तळाशी साचला तर याहूनही कमी पुरतो. ६ डिसेंबर २०२० रोजी सकाळी लालबागच्या गणेश गल्लीतील एका इमारतीत गळतीनंतर स्फोट झाला. अनेक जण भाजले, काही दगावले.

गळती आहे हे नाक सांगते. ती कोठे आहे हे साबणाचे पाणी सांगते. वास अगदी पुसट असेल तर शेगडीच्या चाव्या बंद ठेवून, रेग्युलेटर चालू करून, प्रत्येक सांध्यावर फेस लावावा. प्रथम रेग्युलेटर व सिलिंडर यांचा सांधा, मग नळीची दोन्ही टोके, मग सबंध नळी, शेवटी चाव्या. जेथे बुडबुडे फुगतात तेथे दोष. रेग्युलेटर बंद करताच बुडबुडे थांबले तर दोष पुढे आहे. न थांबले तर सिलिंडरच्या तोंडाशी. काडी ओढून पाहण्याची चाल मात्र जिवावर बेतणारी आहे.

लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत बिअरची पिंपे हाताळणारेही हीच रीत वापरतात. तेथील कार्बन डायऑक्साइडला वासच नाही. बंद खोलीत तो माणसाला गुदमरवतो. म्हणून ते पुरवठा बंद करून दाबमापकाचा काटा पाहतात. मात्र काटा उतरला म्हणजे गळतीच, असे नाही. बिअरही थोडा वायू शोषून घेते. निर्णय अखेर साबणाचाच.

वास उग्र असेल तर शोध घेत बसू नये. सिलिंडर असल्यास रेग्युलेटर, नळाचा गॅस असल्यास भिंतीवरील चावी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण लावूही नये आणि मालवूही नये. ठिणगी दोन्ही वेळा उडते. मग सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि बाहेरूनच सिलिंडरसाठी १९०६ वर दूरध्वनी करावा. नळाच्या गॅससाठी देयकावरील तातडीचा क्रमांक लावावा. चाळीत भिंत एक, गॅलरी एक. तेव्हा शेजाऱ्यांनाही हाक मारून उठवावे, घंटा दाबून नव्हे.