मुक्कामाचे मास्तर

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर पुस्तके निघाली, प्रकल्पवह्या निघाल्या, गुणांचे रकाने आखले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या वर्गांसाठी अभ्यासक्रम ठरवला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. हा विषय उघड्यावर, झाडाखाली, मुलांसोबत मुक्काम करून शिकवणारा माणूस कुठून येणार, एवढाच प्रश्न तेव्हा कोणी नीट विचारला नाही. आजही तो फारसा विचारला जात नाही.

नागपूरला तो विचारायला हवा, कारण या शहराइतके वाघाच्या रानांनी वेढलेले मोठे शहर देशात शोधावे लागेल. उत्तरेला पेंच, नैर्ऋत्येला बोर, आग्नेयेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, त्याच्याही पुढे ताडोबा-अंधारी, पूर्वेला नवेगाव-नागझिरा. सकाळी निघालेली मुलांची बस दुपारच्या जेवणाला यांपैकी कुठेही पोचते. मेळघाटाला थोडा जास्त वेळ लागतो, इतकेच. सहामाही परीक्षा संपत आली की धरमपेठेतल्या पालकांच्या मोबाइलवर निसर्गशिबिरांची पत्रके फिरू लागतात. तंबू की डॉर्मिटरी, जेवण शाकाहारी की कसे, सफारी किती, शुल्क किती, परतीची बस लक्ष्मीभुवन चौकात थांबणार की ट्रॅफिक पार्कला, सगळे तपशीलवार लिहिलेले असते. शिकवणाऱ्यांच्या जागी बहुधा दोनच शब्द असतात : तज्ज्ञांचे मार्गदर्शन.

हे तज्ज्ञ कोण असतात? त्यांत वन्यजीव संस्थेचा पंचविशीतला कार्यकर्ता असतो, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून नोकरी शोधणारी मुलगी असते, निवृत्त वनपाल असतो, शाळेतून रजा काढून आलेला भूगोलाचा शिक्षक असतो. आणि जवळपास प्रत्येक शिबिरात जंगलालगतच्या गावातला एक गाइड असतो, ज्याचे शिक्षण दहावी-बारावीपर्यंत झालेले असते आणि ज्याच्यावाचून बाकीच्या सगळ्यांचे पान हलत नाही.

त्यांचे काम पहाटे पाचला सुरू होते. मुलांना उठवणे, काळा चहा, मग निसर्गवाटेवर दोन-तीन तास. पहिला सामना वाघाशी असतो, म्हणजे मुलांच्या डोक्यातल्या वाघाशी. ‘सर, वाघ दिसन ना?’ हा प्रश्न बसमध्ये बसल्यापासून सुरू झालेला असतो. चांगला शिक्षक त्याला ना हो म्हणतो ना नाही म्हणतो. तो सागाचे कोवळे पान तोडून हातावर चुरायला सांगतो. तळवा लाल होतो आणि वीस मुले वाघ विसरून एकमेकांचे हात बघू लागतात. वाटेच्या कडेला भुसभुशीत मातीत मुंगीसिंहाचे नरसाळे दिसले, की सगळ्यांना पालथे झोपवून तो एक मुंगी घसरायची वाट पाहायला लावतो. मोहाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवून ते किती उंचीवर आहेत, चढताना पडले की उतरताना, हे मुलांनाच ठरवू देतो. वानरांच्या झाडाखाली चितळ का रेंगाळतात, हे सांगण्याआधी त्यांना दहा मिनिटे नुसते बघत बसवतो. वानर वरून अर्धवट खाल्लेला पाला टाकतात, चितळ तो खातात, आणि धोका दिसला की दोघे एकमेकांना सावध करतात, हे मग कोणीतरी मूलच ओरडून सांगते. सांबराचा इशारा चितळापेक्षा अधिक भरवशाचा, ही जंगलातल्या जाणत्यांची बारीक शिकवणही इथेच मिळते.

यातली मोठी अवघड गोष्ट म्हणजे माहिती रोखून धरणे. पक्षी दिसला की नाव सांगून मोकळे व्हायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. नाव कळले की मूल वहीत लिहिते आणि पक्ष्याकडे बघणे थांबवते. मुरलेला शिक्षक आधी विचारतो : शेपूट वर होती की खाली? जमिनीवर चालत होता की टुणटुण उड्या मारत होता? जोसेफ कॉर्नेल या अमेरिकी निसर्गशिक्षकाने १९७९ साली मुलांसोबत निसर्ग कसा अनुभवावा याबद्दल लिहिलेल्या छोट्या पुस्तकातला डोळे बांधून झाडाची ओळख करून घेण्याचा खेळ आज जगभरच्या शिबिरांत खेळला जातो. डोळ्यांवर पट्टी, समोर ऐनाचे भेगाळलेले खोड, मग दूर नेऊन पट्टी सोडायची आणि आपले झाड शोधून काढायचे. हा खेळ पुस्तकात वाचून घेता येतो, पण कोणत्या मुलाला पट्टीची भीती वाटते आहे, हे ओळखायला मुक्कामाचा सराव लागतो.

मुक्काम हाच या कामाचा गाभा आहे. शाळेच्या सहलीत सायंकाळी मुले घरी जातात. शिबिरात रात्र होते. मोबाइल जमा झालेले असतात, जनरेटर बंद होतो आणि दहा वर्षांचे एखादे मूल आईच्या आठवणीने रडू लागते. त्याच्या शेजारी बसून राहणाराही तोच शिक्षक असतो, ज्याला पहाटे पाचला उठायचे आहे. कोणाला दम्याचा पंप लागतो, कोण झोपेत चालतो, कोणाला भोपळ्याची भाजी बघूनच उलटी होते, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. नाग, मण्यार, घोणस यांच्याबद्दल मुलांना सांगताना भीती घालायची नाही आणि गाफीलही ठेवायचे नाही. बूट घालण्याआधी झटकायची सवय मात्र पहिल्याच संध्याकाळी लावायची. याला कौशल्य म्हणतात आणि ते कमवायला वर्षे जातात.

विदर्भात अशा मुक्कामी शिक्षणाची परंपरा निसर्गशिबिरांहून जुनी आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम यांनी नई तालीमचा प्रयोग चालवला. शिक्षक आणि मुले एकाच आवारात राहत, शेतात, स्वयंपाकघरात, सफाईत एकत्र काम करत. पर्यावरण हा शब्द तिथे कोणी वापरत नव्हते, तरी माती, पाणी आणि अन्न यांच्याशी मुलाचे नाते जोडण्याचे काम तेच होते.

आणि मग मारुती चितमपल्ली. सोलापुरात ५ नोव्हेंबर १९३२ ला जन्मलेला हा वनाधिकारी नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथे राहिला, १९९० मध्ये निवृत्त झाला, पुढे कित्येक वर्षे नागपूरकर होता आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरात त्याने देह ठेवला. त्यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या रानात गेल्या, हे सर्वज्ञात आहे. इथे महत्त्वाचे आहे ते त्यांचे विद्यार्थीपण. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवार त्यांना भेटले. जंगल, तलाव आणि पाखरे आयुष्यभर पाहिलेला हा माणूस एका शिकलेल्या वनाधिकाऱ्याचा गुरू झाला. गोंड, ढीवर, वनमजूर, शिकारी अशा अनेकांकडून आपण काय शिकलो, हे चितमपल्ली नावानिशी लिहीत आले. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने शिकवणाऱ्यांचे ऋण इतक्या मोकळेपणी मान्य केले, ही त्यांच्या पुस्तकांतली फार मोलाची गोष्ट आहे. २०२० पासून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षिसप्ताह साजरा होतो : एका टोकाला चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सालिम अली यांचा. त्या आठवड्यात नागपुरात अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा या तलावांच्या काठावर शाळकरी मुलांना दुर्बीण धरायला शिकवणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात.

या परंपरेतला आजचा ठळक माणूस म्हणजे किरण पुरंदरे. पुण्याचा हा पक्षितज्ज्ञ पाखरांच्या शिळा हुबेहूब घालतो आणि मुले त्याच्या मागे वेड लागल्यागत चालतात. नागझिऱ्यात वर्षाहून अधिक काळ राहून त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिले, आणि नंतर पुणे सोडून ते भंडारा जिल्ह्यातल्या, नागझिऱ्याला खेटून असलेल्या पिटेझरी गावात राहायला गेले. शहरातून येऊन शिबिर घेऊन परत जाणे आणि गावाचा रहिवासी होऊन तिथल्याच मुलांसोबत रान बघणे, यांत फार अंतर आहे. गावातल्या मुलाला जंगल नवे नसते. आपल्याला ठाऊक आहे त्याला किंमत आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अमरावतीच्या किशोर रिठे यांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या सातपुडा फाउंडेशनने नेमकी हीच बाजू धरली. पेंच, ताडोबा, मेळघाटच्या कडेच्या गावांतल्या मुलांसाठी त्यांनी निसर्गशिबिरे घेतली. ताडोबाच्या व्यवस्थापनाने ‘चला माझ्या ताडोबाला’ हा उपक्रम बफरमधल्या शाळांसाठी काढला, त्यामागेही हेच कारण दिसते : ज्यांच्या बांधावर वाघ येतो त्या मुलांनी तो कधी निवांत पाहिलेलाच नसतो. ज्याच्या काकाची गाय वाघाने नेली आहे, त्या मुलापुढे वाघाचे गुणगान करणे हे धरमपेठेतल्या मुलांना वाघ दाखवण्याहून कितीतरी कठीण. तिथे शिक्षक त्याच परिसरातला, त्याच बोलीचा असेल तरच मुले तोंड उघडतात. मेळघाटात सिपना नदीकाठच्या सेमाडोह-कोलकासच्या बाजूला हे आणखी ठळक होते. तिथल्या कोरकू मार्गदर्शकाची घरची भाषा मुंडा कुळातली, शिबिरातली भाषा मराठी, आणि पाहुणे मुले अधूनमधून इंग्रजीत प्रश्न विचारणारी. तो तिन्ही सांभाळतो.

संस्थात्मक पातळीवर महाराष्ट्रात सगळे कोरे नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे गोरेगावला चित्रनगरीलगत ३३ एकरांवर निसर्गशिक्षण केंद्र आहे आणि तिथे शिक्षण अधिकारी ही नोकरी असते. अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राने १९८४ पासून देशभर साहित्य आणि प्रशिक्षण पुरवले. इंग्लंडमध्ये तर दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, क्षेत्रअभ्यासासाठी परिषद स्थापन झाली आणि १९४६ ला फ्लॅटफर्ड मिल इथे तिचे पहिले मुक्कामी केंद्र उघडले. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या शाळांची मुले अशा केंद्रांत राहून ओढ्यातले किडे मोजत आली. तिथेही, आणि अमेरिकेतही, या शिक्षकांपैकी अनेक जण हंगामी करारावर असतात. हंगाम संपला की दुसरे केंद्र शोधतात. म्हणजे दुखणे केवळ आपले नाही.

तरी आपल्याकडे ते अधिक खोल आहे. गेल्या काही वर्षांत पर्यटन संकुले, माहिती केंद्रे, कमानी, सेल्फीच्या जागा यांवर हात सैल सोडून खर्च झालेला दिसतो. माहिती केंद्रातला बोलणारा पडदा वर्षभरात बंद पडतो, आणि तिथे मुलांशी बोलायला माणूस नसतो. सफारीच्या फेरीवर पैसे मिळवणाऱ्या गाइडला शिबिराच्या तीन दिवसांचे मानधन सफारीपेक्षा कमी पडले, तर तो शिबिर का घेईल? वाघ दाखवला की बक्षिशी मिळते, मुंगीसिंह दाखवला तर कोणी देत नाही. ही व्यवस्था चांगल्या शिक्षकालाही हळूहळू जीपकडे ढकलते. त्यात त्याचा दोष नाही.

एक बदल मात्र मनापासून स्वागत करावा असा आहे. विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पांत आता गावातल्या स्त्रिया गाइड म्हणून काम करतात. मुलींना शिबिराला पाठवण्याआधी ‘रात्री बाई कोण असतील?’ असे पालक हमखास विचारतात, आणि या प्रश्नाला उत्तर असले तर नोंदणी दुप्पट सहज होते, असे आयोजक सांगतात. तेंदू आणि मोहफूल वेचत मोठ्या झालेल्या या बायांना कोणत्या झाडाला कधी काय येते, हे पाठ करावे लागत नाही.

नवे विषयही पुढे येत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंचला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ हे नाव मिळाले. आकाश अंधारे राहावे म्हणून परिसरातल्या गावांतले दिवे खाली झोत टाकणारे केले गेले. तिथे दुर्बीण बसली, पण मृग आणि कृत्तिका दाखवत पेरणी, थंडी, दहिवराशी त्यांची सांगड घालून देणारा माणूस तयार व्हायला वेळ लागेल. गावातल्या म्हाताऱ्यांना तो हिशेब अजून ठाऊक आहे, तोवर तो शिकून घ्यायला हवा.

जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्राची फाटके बंद असतात. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडचे शिबिर-शिक्षक तेव्हा धानाच्या रोवणीत गुंततात किंवा मजुरीला बाहेर जातात. काही जण ऑक्टोबरात परत येत नाहीत, आणि केंद्राला नवा माणूस पहिल्यापासून घडवावा लागतो. याच तीन महिन्यांत शाळा भरलेल्या असतात, अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात बेडूक, अळिंबी, फुलपाखरे यांची गर्दी असते, आणि धरमपेठेतून तिथे जायला रिक्षाने काही मिनिटे लागतात. वनविभाग, महापालिका आणि शाळा यांनी मिळून पेंच-नागझिऱ्याच्या वीस-पंचवीस शिक्षकांना पावसाळ्यापुरते पगारावर नागपुरात आणले, त्यांच्या राहण्याची सोय केली आणि आठवड्यातून एक सकाळ प्रत्येक शाळेला दिली, तर ते वर्षभर याच कामात राहतील. सुरुवात येत्या जूनपासून करता येईल. वेळापत्रक शाळांनी मे महिन्यातच ठरवावे लागेल, कारण पहिला पाऊस पडला की रोवणीचा सांगावा येतो.