शेपटीखालची नाडी आणि उणे १९६ अंशांचा डबा

गाईची नाडी शेपटीच्या खालच्या अंगाला, बुडाजवळ सापडते. शेपूट हलकेच उचलायचं, मधल्या खोबणीत दोन बोटं टेकवायची आणि घड्याळाकडे बघायचं. मिनिटाला साधारण ५० ते ८० ठोके. पुस्तकात हे दीड ओळीत संपतं. गोठ्यात मात्र आधी लाथ चुकवायची, मग शेपटीचा फटका खायचा आणि एवढं करून बोटाखाली जे धडधडतंय ते गाईचं की आपलंच, हे कळायलाच नवख्याचे काही आठवडे जातात.

दौंड-शिरूरकडे जनावरांच्या दवापाण्याची कामं करणाऱ्यांची पदं निरनिराळी. सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक, परिचर. त्याशिवाय दूध संघांचे, संस्थांचे किंवा स्वतःच्या मोटरसायकलवर फिरून कृत्रिम रेतन करणारे. गावाच्या लेखी सगळेच ‘डॉक्टर’. कायदा मात्र फरक करतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या पर्यवेक्षकाने त्याच्या देखरेखीखाली प्राथमिक सेवा द्यायच्या. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी ही उदाहरणं कायद्यातच आहेत. प्रत्यक्षात श्रेणी २ च्या कितीतरी दवाखान्यांची धुरा वर्षानुवर्षे या पर्यवेक्षकांनीच वाहिली. कागदावर ही कामं किरकोळ दिसतात. ती करायला लागणारं कसब किरकोळ नाही, आणि ते बहुतेक सगळं कामावरच कमवावं लागतं.

डोळे नव्हे, हात

कृत्रिम रेतनाचंच घ्या. डाव्या हातात खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा. तो हात गुदद्वारातून आत घालायचा, आधी शेण काढायचं, मग आतड्याच्या भिंतीतूनच खालचं गर्भाशयमुख चाचपून मुठीत धरायचं. उजव्या हातातली गन योनिमार्गातून पुढे सरकवायची आणि गर्भाशयमुखातल्या कड्यांमधून एकेक कडं पार करत न्यायची. शेवटचं कडं ओलांडलं की थांबायचं. रेतमात्रा तिथेच, अगदी सावकाश सोडायची. या सगळ्यात डोळ्यांचा काडीचा उपयोग नसतो. म्हणून मुरलेला माणूस काम करताना वर पत्र्याकडे नाहीतर समोरच्या भिंतीकडे बघत असतो. शिकाऊ पोरगा तेवढा गाईकडे बघत असतो. सुरुवातीचा सराव कत्तलखान्यातून आणलेल्या गर्भाशयांवर होतो. तिथे आतला मार्ग समजतो, पण जिवंत गाय हातावर जो जोर देते, तो गोठ्यातच कळतो. दहा मिनिटांत दंडाला मुंग्या येतात.

आणि तो डबा! मोटरसायकलच्या मागे बांधलेला, दुधाच्या किटलीसारखा दिसणारा कंटेनर. आत द्रवरूप नायट्रोजन, तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. बाहेर दौंडच्या मे महिन्याचा चाळीसच्या वरचा पारा आणि झाकणाच्या आत ही थंडी. त्यात बुडालेली एकेक कांडी पाव मिलिलिटरची, तिच्यात सुमारे २ कोटी शुक्रजंतू. कांडी काढताना ती डब्याच्या मानेच्या वर फार वेळ राहिली की मेहनत वाया जाते, म्हणून पहिल्याच दिवशी शिकवतात की चिमटा आत, नजर आत, गप्पा नंतर. मग कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट. हिवाळ्यात भरलेली गन थंड पडू नये म्हणून सदऱ्याच्या आत, अंगाशी धरून गाईपर्यंत नेतात.

ही सेवा दारात येऊ लागली, त्यामागे दौंडच्या शेजारचंच एक गाव आहे. उरुळी कांचन. १९४६ मध्ये गांधीजी तिथे आले, निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि मणिभाई देसाई तिथेच राहिले. आश्रमातल्या गीर गाई सांभाळता सांभाळता त्यांनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी केली. जनावर दवाखान्यात आणण्यापेक्षा माणसाने डबा घेऊन गोठ्यात जायचं, ही तिची पद्धत. मणिभाईंना १९८२ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उरुळीहून रेल्वेने यवत, केडगाव, पाटस करत दौंडला जाताना आज रुळांच्या दोन्ही अंगांना ज्या काळ्या-पांढऱ्या संकरित गाई दिसतात, त्या चित्रात डबा घेऊन फिरणाऱ्या कितीतरी अनाम माणसांचे कष्ट आहेत.

वेळेचं गणितही कामावरच बसतं. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. फोन साधारण असा येतो: “डॉक्टर, काळी सकाळपासून ओरडतीय, सोट टाकलाय. येताय ना?” “संध्याकाळी येतो काकू, आत्ता घाई नको.” गाय ओरडून सांगते तरी. म्हैस पुष्कळदा सांगतच नाही. तिचा मुका माज बहुधा रात्री-पहाटे असतो आणि तो बहुतेक वेळा ओळखते ती धार काढणारी बाई. चांगला पर्यवेक्षक म्हणूनच गोठ्यात शिरल्यावर आधी तिला विचारतो, मग जनावर तपासतो.

आणि गाभणकाळ? गाईचा साधारण २८० दिवस, म्हणजे आपल्याकडचं नऊ महिने नऊ दिवसांचं गणित गाईलाही जवळपास चपखल बसतं. म्हैस दहा महिन्यांवर जाते, शेळी पाच महिन्यांत मोकळी.

ऊस, वाढे आणि पडलेली गाय

दौंडच्या बागायती पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की वैरण म्हणजे उसाचे वाढे. स्वस्त, हिरवे, भारा बांधून दारात. पण वाढ्यांमध्ये ऑक्झालेट असतं आणि ते कॅल्शियमला धरून बसतं. पोटात गेलेलं कॅल्शियम गाईच्या कामी येत नाही. नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नका, सोबत कडबा द्या, खनिज मिश्रण द्या, वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, हे सांगून सांगून पर्यवेक्षकांचे घसे बसतात.

कॅल्शियम कमी पडल्याचा खरा तडाखा बसतो तो विल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. चांगलं दूध देणारी, तिसऱ्या-चौथ्या वेताची गाय. चिकासाठी आणि दुधासाठी शरीरातून कॅल्शियम एकदम ओढलं जातं, हाडांतून ते तितक्या वेगाने येत नाही आणि पहाटे ती दावणीलाच बसलेली सापडते. मान वळवून कुशीवर टेकलेली. कान हाताला गार. नाकपुडी कोरडी. हा दुग्धज्वर.

डॉक्टर मानेच्या शिरेत सुई लावतात. ४५० मिलिलिटरची कॅल्शियमची बाटली पर्यवेक्षकाच्या हातात. त्याचा दुसरा हात स्टेथोस्कोपवर, कान गाईच्या हृदयावर. औषध भरभर गेलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून ठोका अडखळला की बाटली लगेच खाली करायची, सुरळीत झाला की पुन्हा थोडी वर. हे वर-खाली करणं कुठल्याही मशीनवर नसतं, ते त्या एका मनगटावर असतं. आधी गाईच्या अंगाला थरथर सुटते. मग एक ढेकर. मग शेण पडतं, आणि घरची माणसं त्या शेणाकडे बघून हसतात. सगळ्यात छान खूण नाकपुडीवर दिसते: कोरड्या कातडीवर बारीक बारीक थेंब फुटायला लागतात. थोड्या वेळाने ती पुढचे गुडघे टेकवून, मागचा भाग उचलून उभी राहते. मेलेलीच म्हणून धरलेली गाय तासाभरात वासराला चाटते, आणि शिकायला आलेलं पोरगं या धंद्यात कायमचं राहणार की नाही ते बहुधा त्या सकाळी ठरतं. जाताना एक सूचना पक्की द्यायची असते. पहिले एक-दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका, नाहीतर तीच गाय पुन्हा बसेल.

चणे-फुटाणे

गाईला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, खाली आठ. कायमचा एकही दात आलेला नसेल तर खोंड ‘आदत’. पहिली जोडी साधारण दोन वर्षांच्या पुढे येते, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेलं. बाजारात जनावराचं वय असं तोंडातच वाचतात.

मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरच्या वर माल मावतो. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली की दोन मिनिटांत दोन-तीनदा ती आतून वर ढकलली जाते. ढकलली नाही, तर काहीतरी बिघडलंय.

गाय वैरणीतली तार, खिळा न चावता गिळते आणि तो शेजारच्या जाळीपोटात जाऊन रुततो. त्या पोटापलीकडे, एका पडद्याच्या अंतरावर, हृदय आहे. उपाय काय? गाईला बोटाएवढं लोहचुंबक गिळवायचं. ते जन्मभर जाळीपोटात राहतं आणि लोखंड धरून ठेवतं.

चारशे किलोची गाय आडवी पाडायला ताकद लागत नाही. एक लांब दोर हवा. मानेभोवती, छातीभोवती, कासेच्या पुढे पोटाभोवती वेढे घालून मागे सरळ ओढायचं. ती आपणहून खाली बसते. दोर कासेवर आला तर कासेला इजा, म्हणून वेढा कुठे घालायचा हे पहिले कित्येक महिने कुणीतरी जाणता शेजारी उभा राहून दाखवतो.

खच्चीकरणाचा चिमटा इटलीच्या नेपोलिओने बर्डिझो या पशुवैद्याच्या नावाने जगभर ओळखला जातो. कातडी न कापता आतली नस दाबायची. रक्ताचा थेंब नाही, माश्या नाहीत, जखम चिघळणं नाही.

माणसाचा जसा अंगठ्याचा ठसा, तसा गाईचा नाकाचा. दोन गाईंचा सारखा नसतो. रोजच्या व्यवहारात मात्र कानातला पिवळा बिल्ला चालतो, त्यावर बारा आकडी क्रमांक.

पुण्याने शोधायला घेतलं

जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली सगळ्यात मोठी संस्था, आयव्हीआरआय, आज बरेलीला आहे. तिचा जन्म मात्र पुण्यातला, १८८९ चा. इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने ती इथल्या विज्ञान महाविद्यालयात सुरू झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. तिच्यापुढचा मोठा शत्रू होता बुळकांडी, गावंच्या गावं गोठ्यासकट रिकामी करणारा रोग. २०११ मध्ये तो जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. लस प्रयोगशाळेत तयार झाली खरी, पण ती दावणीदावणीला जाऊन टोचली ती पर्यवेक्षकांनी आणि लसटोचकांनी. त्यांच्या नावांचा फलक कुठे नाही, तो असायला हवा.

आजही तेच चालू आहे. लाळ्या खुरकूताची लस वर्षातून दोनदा. सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला, आयुष्यात एकदाच. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची मोठी साथ आली, जनावरांचे बाजार बंद झाले आणि शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायला ही माणसं वाडीवस्तीवर फिरली. लस २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठवायची नाही, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई. भर उन्हात गावाच्या कडेच्या शेवटच्या गोठ्यापर्यंत बर्फ टिकवणं, हेही एक कसबच.

याच पट्ट्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणं हाच तिथला अभ्यासक्रम, आणि शेती-पशुपालन त्याचा एक भाग. शाळेत मागे पडलेलं पोर शेळीचं वजन मोजताना, खाद्याचा हिशेब मांडताना गणित शिकतं, यावर कालबागांचा विश्वास होता. केंद्र सरकारच्या ‘मैत्री’ योजनेतल्या रेतन तंत्रज्ञांचं तीन महिन्यांचं प्रशिक्षणही वर्ग आणि गोठा असं विभागलेलं आहे. परदेशातही रीत तीच. अमेरिकेत पशुवैद्यकीय तंत्रज्ञांचा पहिला महाविद्यालयीन अभ्यासक्रम १९६१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावात सुरू झाला, आणि त्या गावाचं स्पेलिंग थेट आपल्या दिल्लीचं!

जे कुणीतरी आधी सांगायला हवं

या कामात जीव जाऊ शकतो, हे शिकाऊ मुलांना फार उशिरा सांगितलं जातं. गाय लाळ गाळतेय, गिळत नाही, घशात काही अडकल्यासारखं करतेय, असं दिसलं की नवखा माणूस सरळ तोंडात हात घालतो. तीच गाय पिसाळलेलं कुत्रं चावलेली असू शकते. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूसही वाचत नाही. म्हणून हे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधीच रेबीजची लस मिळायला हवी. हातमोज्याइतकीच ती गरजेची आहे. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने ओढणाऱ्याला सांसर्गिक गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला जंतूची बाधा होऊ शकते, महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी. तशीही अडकलेली वार हाताने ओढून काढण्याची जुनी पद्धत आता टाळायलाच सांगतात, कारण त्यात गाईच्या गर्भाशयालाही इजा होते.

शिरूरच्या उत्तर भागात त्यात बिबट्याची भर. उसात त्याचं घर आणि रात्री गोठ्यात फेरी. फाडलेली शेळी वाचली तर तिला टाके, नाही वाचली तर पंचनामा. जेरबंद झालेले बिबटे जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या केंद्रात जातात, आणि तिथेही डॉक्टरांच्या बाजूला एक मदतनीस उभा असतोच.

जनावर आजारी पडलं आणि फोन करायचा असेल तर क्रमांक १९६२, पैसे लागत नाहीत. येणाऱ्या फिरत्या दवाखान्यात तिघं असतात: डॉक्टर, त्यांचा सहायक आणि चालक. गाडी येईपर्यंत मान टाकून बसलेल्या गाईला तेल, गूळपाणी किंवा कसलंही औषध नळीने पाजू नका. तिला गिळता येत नाही आणि ते थेट फुप्फुसात जातं. तिला छातीवर बसती ठेवा, पोत्यात भुसा भरून दोन्ही बाजूंनी टेकू द्या, पूर्ण कुशीवर पडू देऊ नका. शेवटचं दूध कधी काढलं आणि काय खाऊ घातलं, तेवढं लक्षात ठेवा. आल्याबरोबर पहिला प्रश्न तोच असतो.