स्नायपरचे काडतूस : दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत अनुभव

दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत स्नायपरांविषयी लिहिताना बहुधा व्यक्तींचा पराक्रम सांगितला जातो. ओडेसा व सेव्हास्तोपोल येथे १९४१-४२ मध्ये लढलेल्या ल्युदमिला पाव्हलिचेंको यांच्या नावावर ३०९ बळींची नोंद आहे. स्टालिनग्राडच्या वासिली झाइत्सेव्ह यांची कीर्तीही सर्वश्रुत आहे. परंतु ज्या काडतुसावर हे कौशल्य अखेर अवलंबून होते, त्याचा विचार क्वचितच होतो. तो येथे संक्षेपाने करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, त्या युद्धात सोव्हिएत स्नायपरसाठी निराळे काडतूस नव्हतेच. १८९१/३० नमुन्याच्या मोसिन रायफलींपैकी अधिक अचूक ठरलेल्या निवडून त्यांवर दुर्बीण बसविली जाई; काडतूस मात्र पायदळाला व मशिनगनांना मिळणारेच, ७.६२ मिलिमीटरचे असे.

या काडतुसात प्रामुख्याने दोन प्रकारच्या गोळ्या येत. १९०८ ची टोकदार हलकी गोळी ९.६ ग्रॅम वजनाची असून नळीतून सेकंदाला सुमारे ८६५ मीटर वेगाने निघे. १९३० ची जड गोळी ११.८ ग्रॅमची होती व तिचे टोक पिवळे रंगविलेले असे. तिचा मागील भाग निमुळता असल्यामुळे हवेचा रोध तिला कमी होई. तिचा आरंभीचा वेग कमी असला तरी दूर अंतरावर तो अधिक टिके. ती मूलतः मशिनगनच्या लांब पल्ल्यासाठी योजिलेली होती. यांखेरीज पोलादी गाभ्याची चिलखतभेदी गोळीही होती. लोखंडी आडोशावर तिचा उपयोग होई. परंतु अनेक भागांची गोळी समतोल बनविणे कठीण असते.

आता अचूकतेचा प्रश्न पाहू. काडतुसातील दारूचे प्रमाण किंचित बदलले, तरी गोळीचा वेग बदलतो. हवेचा रोध क्षणभर वगळल्यास, ८६५ मीटर वेगाची गोळी ६०० मीटर अंतर कापेपर्यंत सुमारे २.३६ मीटर खाली येते. वेगात एक टक्का फरक पडल्यास हा आघातबिंदू जवळजवळ ५ सेंटिमीटरांनी सरकतो. प्रत्यक्षात हवेच्या रोधामुळे तो याहून बराच अधिक सरकतो. लक्ष्य खंदकाबाहेर डोकावणारे मस्तक असेल, तर एवढ्याने नेम हुकू शकतो. आणि हुकलेली गोळी स्नायपरची जागा शत्रूला दाखवून देते. तेव्हा हा दोष केवळ कारखान्यातील उणेपणा राहत नाही, तो सैनिकाच्या प्राणावर बेततो.

१९४१ मध्ये जर्मन आक्रमणामुळे अनेक सोव्हिएत कारखाने पूर्वेकडे हलवावे लागले. अशा काळात उत्पादनाचा भर संख्येवर राहणे स्वाभाविक होते. म्हणून एकरूपता कारखान्याकडून मिळाली नाही, तर ती निवडीने साधावी लागे. एकाच प्रकारच्या व शक्यतो एकाच खेपेच्या काडतुसांनी रायफलीचा नेम जुळवावा आणि तीच काडतुसे मोहिमेवर न्यावीत, हा त्यातील साधा नियम. हलक्या गोळीवर जुळविलेल्या दुर्बिणीतून जड गोळी झाडल्यास ती अन्यत्रच पडणार, हे उघड आहे.

या उणिवेचे निराकरण युद्धानंतर झाले. १९६३ साली सोव्हिएत सैन्याने द्रागुनोव्ह यांची स्नायपर रायफल स्वीकारली, आणि तिच्यासाठी अधिक काटेकोरपणे बनविलेले खास काडतूस त्यानंतर काही वर्षांनी आले. त्याचे बाह्य मोजमाप जुनेच होते. वेष्टनावर मात्र 'स्नायपरसाठी' अशा अर्थाचा शब्द छापलेला असे. एकरूपतेची जी जबाबदारी युद्धकाळात सैनिकाच्या निवडीवर पडली होती, ती अशा रीतीने कारखान्याने स्वीकारली. त्या सैनिकांच्या कौशल्याचे मूल्यमापन करताना ही गोष्टही हिशेबात धरली पाहिजे.