शेवटच्या नंबराची धास्ती

शाळेत असताना आमच्याकडे स्नेहसंमेलनाच्या आधी धावण्याच्या शर्यती व्हायच्या. त्यात माझा नंबर ठरलेला, मागून पहिला. "धावणं हे आपलं काम नव्हे" अशी जी गाठ तेव्हा मनाशी बसली, ती वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत काही सुटली नाही. ती कशी सुटली, हे सांगण्यासाठीच हा लेख.

सुरुवात झाली ती डॉक्टरांच्या सर्जरीतून आलेल्या एका पत्राने. इंग्लंडमध्ये 40 ते 74 या वयातल्या लोकांना, मधुमेह किंवा हृदयविकार आधीपासून नसेल तर, दर पाच वर्षांनी एनएचएसची मोफत तपासणी मिळते. असली पत्रं आपल्या घरात बिलांच्या गठ्ठ्याखाली जातात, तसं माझंही गेलं होतं. मुलीने ते शोधून काढलं आणि मला न विचारता फोन करून वेळ ठरवून टाकली.

रक्ततपासणीत माझं एचबीएवनसी 45 निघालं. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतो. इथल्या मोजमापाप्रमाणे 42 च्या आत ठीक, 42 ते 47 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि 48 पासून पुढे मधुमेह. नर्सने वजनाचा तक्ताही दाखवला. गोऱ्या लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा 25 ला सुरू होते, आपल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी मात्र 23 ला, कारण आपल्याला कमी वजनातही मधुमेह गाठतो. "मी काही एवढी जाड नाही" हे माझं वाक्य तिथेच निकालात निघालं.

माझ्या आईला मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत तिच्या पायाची जखम भरून येईना, दोन बोटं काढावी लागली. मी इथे. फोनवर "काळजी घे" म्हणण्यापलीकडे माझ्या हातून काही झालं नाही. त्या दिवशी सर्जरीतून परत येताना बसमध्ये मी माझ्याच पायांकडे बघत बसले होते.

व्यायामाचे प्रयोग पूर्वी केले नव्हते असं नाही. एका जिमची वर्गणी महिना 32 पौंड अशी अकरा महिने खात्यातून जात होती, आणि मी गेले होते मोजून पाच वेळा. म्हणजे दर खेपेला सत्तर पौंड! आमच्या ह्यांनी तो हिशेब कागदावर मांडून फ्रिजला चिकटवला होता.

मग एके दिवशी वाचनालयाच्या फलकावर चिठ्ठी दिसली. धावण्याच्या स्थानिक क्लबाचा नवशिक्यांचा गट, मंगळवारी संध्याकाळी, "कितीही सावकाश धावत असाल तरी या." मला वाटलं, ही इंग्रजी सभ्यता. "कधीतरी चहाला या" म्हणतात आणि पत्ता देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. तरी गेले. सलवार, मुलाचा जुना टी-शर्ट आणि पावसात घालायचं जाकीट असा माझा थाट होता.

तिथे वीसेक जण होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि डॉक्टरांच्या परवानगीने आलेले एक गृहस्थ होते. बाबागाडी घेऊन आलेली एक तरुण आई होती. दृष्टी गेलेले एकजण होते. ते आणि त्यांचा वाटाड्या एका छोट्या दोरीची दोन टोकं धरून शेजारी शेजारी धावत, आणि वळण आलं की वाटाड्या आधी सांगे. माझ्या कपड्यांकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

पहिल्या दिवशीचा कार्यक्रम असा: पाच मिनिटं भरभर चालायचं, मग 60 सेकंद हळू धावायचं, 90 सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. 'काउच टू फाइव्ह के' नावाचा हा नऊ आठवड्यांचा क्रम जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने 1996 मध्ये तयार केला, आणि एनएचएसही तो वापरते. साठ सेकंद म्हणजे किती, हे मला त्या संध्याकाळी कळलं! पण पुढे गेलेली मंडळी ठराविक ठिकाणी वळून मागच्यांकडे परत येत आणि सगळे पुन्हा एकत्र निघत. सर्वांत मागे सत्तरीच्या एक बाई मुद्दाम धावत होत्या. मी म्हटलं, "माझ्यामुळे तुम्हाला उशीर होतोय." त्या म्हणाल्या, "आज माझी मागे राहण्याची पाळी आहे. तू माझ्या पुढे आहेस."

चौथ्या आठवड्यात मात्र मी आगाऊपणा केला. गटाबाहेर रोज धावू लागले आणि नडगी अशी दुखायला लागली की तीन आठवडे घरी बसावं लागलं. नवशिक्याने दोन धावांमध्ये एक दिवस विश्रांती घ्यावी, हे लीडरने सांगितलेलं मी कानाआड केलं होतं. त्यामुळे नऊ आठवड्यांचा क्रम मला चौदा आठवडे पुरला. मंडळाच्या गणपतीत एक काका म्हणालेच, "वहिनी, धावायला लागलात म्हणे! कोण मागे लागलंय?" मी म्हटलं, "मधुमेह."

शेवटी एका शनिवारी सकाळी नऊ वाजता आमचा गट बुशी पार्कच्या पार्करनला गेला. लंडनच्या नैर्ऋत्येला, हॅम्प्टन कोर्टजवळच्या याच बागेत 2 ऑक्टोबर 2004 रोजी पॉल सिन्टन-ह्यूइट यांनी तेरा धावपटूंना घेऊन हा उपक्रम सुरू केला. आता तो अनेक देशांत पसरला आहे. अंतर पाच किलोमीटर, प्रवेश फुकट. एकदाच नाव नोंदवायचं आणि आपला बारकोड बरोबर न्यायचा. धावा, चाला, दोन्ही करा. आणि सर्वांत शेवटी नेमलेला एक स्वयंसेवक चालत असतो, त्याला 'टेल वॉकर' म्हणतात. त्याच्या आधी तुम्ही पोचताच, म्हणजे शेवटचा नंबर तुमच्या वाट्याला येतच नाही! चाळीस वर्षं ज्या नंबराला मी घाबरत होते, तो इथे कोणीतरी आपण होऊन घेतलेला होता. बाजूला हरणं निवांत चरत होती. मला 47 मिनिटं लागली. टोकन हातात पडलं तेव्हा डोळे भरून आले, ते मी घामावर ढकललं.

वर्षाने पुन्हा तपासणी केली, आकडा 41. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे श्रेय एकट्या धावण्याचं नाही. भाताची वाटी लहान झाली, वजन सहा किलो उतरलं, त्याचंही आहे. आणि धोका संपलेला नाही, दरवर्षी रक्त तपासायचंच.

खर्चाचं विचाराल तर: बूट 55 पौंड, धावताना घालायची चांगली ब्रा 24 पौंड, क्लबची वार्षिक वर्गणी 36 पौंड. एकूण 115. जिमच्या चार महिन्यांत यापेक्षा जास्त गेले असते. बायकांनी ब्रावर काटकसर करू नये आणि कोणीच बुटांवर करू नये, बाकी कपडे घरातले चालतात.

दोन सूचना. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, हृदयविकार असेल किंवा साखर कमी करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बिलांच्या गठ्ठ्याखाली सर्जरीचं पत्र आहे का, ते आजच बघा.

आमच्या गटात अजून मी एकटीच मराठी आहे. कोणी येत असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला गाठा. आता महिन्यातून एकदा मागे राहण्याची पाळी माझी असते, तेव्हा शेवटच्या नंबराची काळजी करू नका.